कान वाजण्याची वेळ

इचलकरंजीत मामांच्या घरी लहानपणी आम्ही मागांच्या खटखटीवर झोपायचो आणि माग थांबले की जागे व्हायचो. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग बसवला, आणि तेव्हापासून गावाला शांततेची सवयच उरली नाही. मामांनी याच मागांवर चाळीस वर्षं काढली, त्यातली निम्मी जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. शेडच्या दारात उभं राहून, चाळीस मागांच्या कल्लोळातून, ‘तिसऱ्या ओळीतला पाचवा बघा, पिकर ढिला झालाय’ असं ते सांगायचे आणि ते खरं निघायचं. एवढ्या तयार कानात गेली सहा वर्षं एक बारीक शिट्टी वाजते आहे. वैद्यकात तिला कर्णनाद म्हणतात. मामा तिला ‘रातकिडा’ म्हणतात.

माझी बहीण पुण्यात ऑडिऑलॉजिस्ट आहे. यंदा मे महिन्यात आम्ही दोघं मामांकडे होतो. रात्री साडेनऊला लाईट गेली, गल्लीतले माग एका दमात थांबले, आणि गच्चीवर गाद्या टाकता टाकता मामा म्हणाले, “झालं सुरू.” पुढचा तास-दीड तास जे बोलणं झालं ते मी आठवणीतून मांडतो आहे. मी मधे फारसा पडलो नाही. पडून उपयोगही नव्हता.

ताई : काय सुरू झालं?

मामा : रातकिडा. दिवसभर गप होता. आता बघ, सात तरी असंल.

ताई : सात म्हणजे?

मामा खाली गेले आणि भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यासकट म्हणावं अशा घाईनं काढून आणलं. मोबाईलच्या उजेडात पाहिलं तर तारखेच्या प्रत्येक चौकटीत, जिथे मामी दुधाचे खाडे मांडते तिथेच, पेन्सिलीनं बारीक आकडे होते. एका दिवसाला चार.

मामा : उठल्यावर, दुपारी, दिवेलागणीला आन निजताना. दहापैकी किती, ते लिहायचं. जानेवारीपास्नं एक खाडा न्हाई. आता तू सांग, माझे कान वाजतात व्हय?

हा प्रश्न साधा नव्हता. आपल्याकडे ‘कान वाजले’ म्हणजे नसलेलं ऐकू आलं, भास झाला. मामांना सहा वर्षांत बऱ्याच जणांनी हे वाक्य ऐकवलं असावं.

ताई : वाजतातच की. तुम्हाला ऐकू येतंय म्हणजे येतंय, त्यात कुणाला शंका नाही. माझं म्हणणं इतकंच की रात्री तो वाढत नाही. तो असतो तेवढाच असतो. वाढते ती शांतता. मघाशी माग चालू होते, आता बंद पडले. समई दुपारी बारालाही तेवढीच जळते, पण तिचा उजेड पडतो तो रात्री.

मामा : म्हंजे वाढल्यागत वाटतोय नुसता.

ताई : हो. आपण बोलतोय हा आवाज साधारण साठ डेसिबल. शांत खोली तीसच्या आसपास. दिवसा तुमच्या रातकिड्यावर गल्ली, टीव्ही, मामीचं बोलणं असं सगळं पांघरूण असतं. रात्री ते निघतं. त्यात आपण अंथरुणावर पडलेले, हाताला काम नाही, डोळ्यापुढे काही नाही. मन जाणार कुठे? कानाशीच. आणि हे फक्त तुमचंच नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी चांगल्या कानाच्या ऐंशी माणसांना, ज्यांना असला कसलाही त्रास नव्हता, आवाज पोचणार नाही अशा खोलीत बसवलं. थोड्या वेळानं विचारलं, काय ऐकू आलं? शंभरात चौऱ्याण्णव या प्रमाणात लोकांनी काही ना काही सांगितलं. गुणगुण, शिट्टी, भुणभुण.

मामा : आत काहीच न्हवतं?

ताई : काहीच नव्हतं. म्हणजे हा भुंगा जवळजवळ सगळ्यांच्याच डोक्यात थोडाफार असतो. जगाचा गोंगाट तो झाकून ठेवतो.

मामांनी मान हलवली. ती पटल्याची नव्हती, ऐकल्याची होती. जॉबर मागाच्या मालकाचं म्हणणं असंच आधी पूर्ण ऐकून घेतो.

मामा : बरं. चांदण्या दिवसाबी असत्यात, उजेडानं दिसत न्हाईत. हे मला शाळेत शिकवलंय, मान्य. पण चंद्राचं काय? त्यो बी रोज तेवढाच असतोय व्हय? पुनवेला त्यो मोठाच असतोय. तुला दिसतोय म्हणून न्हवं.

ताई : म्हणजे?

मामा : म्हंजे हे आकडे वाच. दुपारी एक ते चार आमची गल्ली झोपल्याली असत्या. लाईट गेली तर पंखाबी न्हाई. रात्रीसारखंच गार. तवा किती लिवलंय? तीन. चार. तीन. आन पहाट बघ. पाचला पाण्याची मोटार, दूधवाला, त्या कोपऱ्यावरचा भोंगा, शेडवर जाणारी पोरं. सगळा दंगा. तवा किती? सात. आठ. सात. तुझं पांघरूण पहाटे कुठं गेलं?

ताईनं कालनिर्णय हातात घेतलं. मार्च, एप्रिल, पुन्हा मार्च. मी तिला ओळखतो. वादात हरायला लागली की ती गप्प होत नाही, वाचायला लागते.

ताई : आणि ही गोल केलेली आठ-आठ कुठली? दुपारच्या रकान्यात?

मामा : त्या दिवशी जेवून डोळा लागला. अर्धा तास झोपलो की उठल्यावर आठ. न्हाई झोपलो की तीन. आता सांग, डुलकीनं गल्लीतली शांतता वाढली का?

इथे मला ताईच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. समईचा दाखला तिचा स्वतःचा असला तरी मागचा विचार फार मान्यवर आहे. पावेल जास्त्रेबॉफ या पोलिश-अमेरिकन संशोधकानं १९९० साली कर्णनादाचं जे प्रारूप मांडलं, त्यात मुद्दा हाच की कानातला आवाज आणि त्याचा त्रास या दोन गोष्टी आहेत; आवाज कानाच्या वाटेवर उपजतो आणि त्याला मोठं करतात ते लक्ष, भीती आणि भोवतालची शांतता. जगभर त्यावर उपचार उभे आहेत. पण दुपारची डुलकी त्यात बसवणं अवघड, हे ताईलाही ठाऊक होतं.

ताई : मामा, तुमचे आकडे खोटे नाहीत. तुमच्यासारखंच एक काम परदेशात झालंय. लोकांच्या मोबाईलवर एक ॲप होतं, ते दिवसातून अधूनमधून विचारायचं, आत्ता आवाज किती, त्रास किती. ३५० माणसं आणि १७,२०९ नोंदी. २०१७ साली ते छापून आलं. मध्यरात्री बारा ते सकाळी आठ या वेळात आवाज आणि त्रास दोन्ही जास्त, नंतर दिवसभर कमी. आधी वाटलं होतं की हा ताणाचा खेळ असेल, म्हणून त्यांनी हिशेबातून ताण वेगळा काढून पाहिला. तरी उत्तर तेच.

मामा : आन हे तू आत्ता सांगतीस.

ताई : सांगते, कारण त्यातही एक मेख आहे. रात्री दोन वाजता मोबाईल उघडून नोंद कोण करणार? ज्याला झोप नाही तो. ज्याचा रातकिडा त्या रात्री गप्प होता तो घोरत पडला असेल, त्याचा आकडा त्यात आलाच नाही.

मामा : माझा आला असता. मी निजतानाबी लिवतो आन उठल्यावरबी लिवतो. बरा असला तरी लिवतो. दुधाचा खाडा लिवायचा तसं.

मला मनापासून हसू आलं. ॲपच्या नोंदींवरचा आक्षेप कालनिर्णयाच्या एका पानानं परतवलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. अर्थात एका माणसाचं कालनिर्णय म्हणजे शास्त्र नव्हे, आणि पहाटे सात लिहायची सवय झालेला हात पहाटे सातच लिहितो, हेही आहेच. पण ताईनं तो मुद्दा काढला नाही. तिनं वेगळाच काढला.

ताई : तुमच्या तपासणीत काय निघालं होतं आठवतं? मशिनमधून आम्ही निरनिराळे आवाज वाजवले आणि विचारलं, तुमच्या आतल्या शिट्टीएवढा कुठला?

मामा : आठवतंय की. चार हजारची शिट्टी.

ताई : चार हजार हर्ट्‌झ. तिथेच तुमचा कान सगळ्यात जास्त गेलाय. मागावर काम केलेल्यांचा तिथेच जातो. साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९५ डेसिबलच्या वर. आठ तासांच्या पाळीला मर्यादा ९०ची. तर त्या चार हजारला तुम्हाला ऐकू यायला जेवढा आवाज लागतो, त्याच्या फक्त आठ डेसिबल वर तुमची शिट्टी जुळली. बहुतेकांची पाच ते दहाच्या आतच जुळते. न्यूयॉर्कचे डॉक्टर फाउलर यांनी हे ऐंशी वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. १९४२ च्या त्यांच्या निबंधाच्या नावातच होतं, ‘मोठेपणाचा भ्रम’.

मामा उठून बसले.

मामा : हां. आलं बघ. भ्रम.

ताई : मामा, तसं नाही...

मामा : तसंच हाय. मला एक सांग, ती तपासणी किती वाजता केलीस?

ताई : दुपारी... साडेतीन-चारला.

मामा : म्हंजे चोर येतोय पहाटे आन पोलीस येतोय दुपारी चारला, आन वर पंचनाम्यात लिवतोय की चोर लई बारका हाय.

खाली अंगणात मामी भांडी आवरत होती. तिला इतकं हसू आलं की एक पातेलं हातातून सुटलं. ताईही हसली, पण मग थांबून म्हणाली की हे तिला कुणी कधी असं बोललं नव्हतं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, या वेळेबाहेर तिनं एकाही माणसाचा कर्णनाद मोजलेला नाही. कुणीच मोजत नाही. दवाखाने तेव्हाच उघडे असतात.

ताई : आठ डेसिबल म्हणजे बारीक, असंही मात्र समजू नका. बिघडलेल्या कानाचं तंत्र वेगळं असतं. त्याला लहान आवाज ऐकूच येत नाही, आणि यायला लागला की एकदम अंगावर येतो. चांगल्या कानाला आठ डेसिबल म्हणजे कुजबूज. तुमच्या कानाला त्या जागी तेवढ्यात अर्धा जिना चढून होतो.

मामा : मग भ्रम कशाला म्हणायचं? आता नीट ऐक, मी काय म्हणतोय ते. मागाचा आवाज मला मोठा वाटला, तुला बारीक वाटला, तर मशिन लावून बघता येतंय खरं कोण ते. तिथं ‘वाटतंय’ येगळं आन ‘हाय’ येगळं. पण ह्यो रातकिडा ऐकणारा मी एकटाच. मला तो पहाटे मोठा वाटला, तर तो मोठा न्हाई असं म्हणणारा दुसरा कोण हाय तिथं? कुणाच्या कानानं मोजायचं?

यावर ताई बराच वेळ काही बोलली नाही. मीही विचारात पडलो. दुखण्याबद्दल आपण असं म्हणत नाही. ‘तुझी दाढ दुखतेय असं तुला फक्त वाटतंय’ असं म्हणणाऱ्या दंतवैद्याकडे कुणी दुसऱ्यांदा जाणार नाही. पण ‘आवाज’ हा शब्द आला की आपोआप बाहेरचं काहीतरी डोळ्यापुढे येतं, आणि बाहेर काही नसलं की उरतो भास. सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे.

ताई : बरं, ‘फक्त वाटतं’ मागे घेते. पण मग माझंही ऐका. तो फक्त वाटण्यातच आहे, म्हणूनच तो इतका हलका आहे. बाहेरचा आवाज तुमच्या झोपेनं, जबड्यानं, काळजीनं बदलत नाही. हा बदलतो. म्हणजे शांततेनं वाढतो हे माझं म्हणणं चुकलेलं नाही, अपुरं पडलं. तुमच्याकडे पूर्वी वॉल्व्हचा रेडिओ होता ना?

मामा : मर्फी.

ताई : स्टेशन नीट लागलं नाही की तुम्ही काय करायचात? आवाजाची कळ पिळायचात. गाणं काही वाढायचं नाही, खरखर वाढायची. मेंदू तेच करतो. कानाकडून येणारं कमी झालं की तो आपली कळ पिळतो. लंडन-मँचेस्टरकडच्या संशोधकांनी २०१२ साली चांगल्या कानाच्या अठरा जणांना एका कानात सात दिवस बूच घालून फिरायला लावलं. अठरातल्या चौदा जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले. बूच काढलं, आवाज गेले.

खालून मामीचा आवाज आला : “आन हे रोज रात्री कापसाचे बोळे घालून निजतात.”

ताई : काय?

मामा : बाहेरचं नको म्हणून. मागांची सवय गेली आता, कुत्र्यांनी जाग येते.

ताई : मामा! रात्रभर तुम्ही मेंदूला सांगताय, काही येत नाहीये, पिळ कळ. मग पहाटे सात नाही येणार तर काय?

मामा : आन दुपारी? दुपारी मी बोळे घालत न्हाई.

ताई : दुपारी नाही घालत. खरंय.

या माणसाला सहज हरवता येत नाही. त्यांच्या आकड्यांत शांततेची रात्र होती, कापसाची पहाट होती, पण डुलकी सगळ्यांतून निसटून बाहेर उभी राहत होती. ताईनं मग झोपेकडे मोर्चा वळवला. ऑक्सफर्डमधल्या एका गटानं २०२२ मध्ये एक विचार मांडला, तो तिनं सांगितला. गाढ झोपेत मेंदूत संथ मोठ्या लाटा चालतात. कर्णनाद हा मेंदूतल्या काही पेशींनी उगीच जागं राहण्याचा प्रकार असेल, तर या लाटा त्याला दाबत असाव्यात. पुढे त्यांनीच फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर तपासून पाहिलं. कर्णनादाची लक्षणं असलेल्यांची झोप बिघडलेली दिसली, आणि त्यांच्या मेंदूची ती जादा खळबळ झोपेत उतरलेली दिसली. म्हणजे झोपेत तो दबतो, जागेपणी उठतो, आणि मधल्या उंबरठ्यावर काय होतं त्यावर पहाटेचा आकडा ठरत असावा. अर्धवट झोपेतून उठलेल्याला तो वाढलेला सापडणं त्यात बसतं. डुलकीनंतर वाढतो असं सांगणारे मामा एकटे नाहीत. फ्रान्समध्ये अशा लोकांना प्रयोगशाळेत दुपारी झोपवून अभ्यास चालले आहेत.

मामा : आन शरीराचं घड्याळ? आमचे वैद्य म्हणतात, वाताची वेळ. दिवसाचा शेवट आन रात्रीचा शेवट. तवा वात खवळतो. माझे आकडेबी तिथंच मोठे.

ताई : कानाला स्वतःचं घड्याळ आहे एवढं नक्की. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २०१४ साली उंदरांवर पाहिलं. तोच गोंगाट दिवसा ऐकवला तर त्यांचे कान नंतर सावरायचे, रात्री ऐकवला तर कायमचे बिघडायचे. उंदीर रात्री जागतो, म्हणजे त्याच्या कामाच्या वेळेला.

मामा : वीस वर्षं रातपाळी केलीय मी.

ताई : उंदरावरून तुमच्यावर उडी नाही मारता येत. आणि ते घड्याळ बिघाडाचं होतं, शिट्टीचं नव्हे. वैद्यांचं निरीक्षण चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. वेळ जुळली म्हणून कारण जुळलं असं होत नाही, एवढंच.

मला या ठिकाणी राहवलं नाही, कारण जुन्या ग्रंथांनी या शिट्टीकडे किती लक्ष दिलं आहे हे मी मागे चाळलं होतं. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यात कर्णनाद वेगळा आणि क्ष्वेड वेगळा. पुढे माधवनिदानानं स्पष्ट केलं की एकात भेरी-मृदंग-शंखासारखं ऐकू येतं, दुसऱ्यात बासरीसारखं. खरी गंमत योगाच्या ग्रंथात आहे. घेरंडसंहितेत भ्रामरी सांगताना म्हटलं आहे की मध्यरात्र उलटल्यावर, प्राण्यांचा आवाज नसेल अशा जागी, दोन्ही हातांनी कान बंद करावेत. मग आतले नाद ऐकू येतील. त्यात पहिला नाद झिंगुरासारखा, म्हणजे चक्क रातकिड्यासारखा. वेळ मध्यरात्रीची, जागा शांत, कानांवर हात. ताईच्या तीनही अटी त्या योग्यानं पाळलेल्या आहेत. फरक एवढाच की त्याला तो आवाज हवा होता.

हे मी सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, “मग मला फुकटात मिळालंय म्हण की.” ताई म्हणाली की थट्टा नाही, मुद्दा नेमका तोच आहे : नाद तोच, एकाला साधना आणि एकाला शिक्षा.

तेवढ्यात मामी जिना चढून वर आली. हातात ताकाचे पेले होते. ती बसली आणि सहज म्हणाली, “एवढं मोठं बोलणं चाललंय, पण ह्यांनी एक सांगितलं न्हाई. हे झोपंत दात खातात. करकर करकर. दुपारी डुलकी काढली तरी खातात. ज्या रात्री जास्त खाल्ले त्या पहाटे ह्यांचा रातकिडा जास्त. मला आधीच कळतंय, उठल्यावर किती लिवणार ते.”

ताईनं पेला खाली ठेवला.

ताई : मामा, दात आवळा. घट्ट. हां, अजून. आवाज?

मामा : वाढला.

ताई : सोडा. आता जबडा पुढे काढा.

मामा : वाढला! आयला. आन ह्या कानातनं त्या कानात गेल्यागत झाला.

मामांचा चेहरा त्या क्षणी मला शेडच्या दारातला वाटला. तिसऱ्या ओळीतला पाचवा माग सापडला होता. ताई सांगत होती की जबड्याच्या आणि मानेच्या नसा मेंदूच्या बुडाशी जिथे येतात, तिथेच कानाकडून येणारी वाट पहिल्यांदा पोचते. मिशिगन विद्यापीठात सुझन शोर यांनी हे बरीच वर्षं उलगडलं आहे. रात्रभर दात आवळले तर सकाळी शिट्टी चढणारच, आणि दातांच्या डॉक्टरांकडून रात्री घालायची पट्टी करून घेता येते. मामा ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. ते पुन्हा पुन्हा जबडा पुढे काढून पाहत होते.

मामा : म्हंजे मी जिंकलो. पहाटे तो खरंच वाढतोय.

ताई : तुम्ही पहाट जिंकलात. रात्र माझी. आत्ता लाईट गेल्याबरोबर सात झाला, तेव्हा तुम्ही दात खात नव्हतात.

मामा : दोन घड्याळं म्हण की मग.

ताई : दोन तरी. आणि आता ऐका, कामाचं. कापूस बंद. रात्री पंखा नाही तर पावसाचा आवाज बारीक लावून ठेवायचा. रातकिडा बुडेल एवढा मोठा नाही, त्याच्या शेजारी बसेल एवढाच. कानाचं मशिन दिवसा लावायचं, कपाटात नाही. आणि कधी एकाच कानात नवीन सुरू झाला, किंवा नाडीबरोबर ठोके ऐकू यायला लागले, तर आकडा लिहीत बसायचं नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं.

मामा : आन ह्ये बंद करू? कालनिर्णय?

ताईला बहुतेक हो म्हणायचं होतं. दिवसातून चार वेळा कानाकडे बघायला लावणारी वही कुठलाही समुपदेशक आधी बंद करतो. पण त्या वहीनंच तिला आज तास-दीड तास शिकवलं होतं.

ताई : बंद नको. दिवसातून एकदाच, पहाटे. पण आकडे दोन लिहा. आवाज किती, तो एक. त्यानं त्रास किती झाला, तो दुसरा.

मामा : ते येगळं असतं व्हय?

ताई : लिहून बघा.

लाईट साडेअकराला आली. गल्लीत एकेक माग सुरू झाला, मग सगळे. कुणीच काही बोललं नाही. मामांनी कान टवकारले, आपल्या आतल्यासाठी की शेजारच्या शेडमधल्या एखाद्या ढिल्या पिकरसाठी, ते मला कळलं नाही.

पहाटे पाचला पाण्याच्या मोटारीनं मला जाग आली. मामा आधीच उठून कठड्याशी बसले होते, मांडीवर कालनिर्णय, कानावर पेन्सिल. कापूस न घालता झोपले होते. एक डोळा मिटून त्यांनी जरा वेळ आत ऐकलं आणि चौकटीत सहा लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून बसले. अंथरुणातूनच ताईनं विचारलं, “दुसरा आकडा, मामा?”

“थांब गं,” मामा म्हणाले. “चहा तरी होऊ दे.”